वाचकांचे प्रश्न : छावणीतली तिसरी पिढी

गेल्या अंकातल्या लेखात मी लिहिलं होतं की सगळे संबंधित ‘सध्यापुरतं बघू’ म्हणतात आणि त्या सध्यापुरत्यातच निर्वासितांच्या पिढ्या सरतात. त्यावर बरीच पत्रं आली. काही चिडलेली आहेत, आणि ती मी मुद्दाम आधी वाचली. केनियातल्या दादाबला आणि नंतर पूर्व नेपाळमध्ये मी छावण्यांच्या नोंदणी विभागात काम केलं आहे. त्यामुळे उत्तरांत या दोन जागा पुन्हापुन्हा येतील, ते चालवून घ्यावं.

प्रश्न : युद्ध कधीतरी संपतंच. मग माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं छावणीत का राहतात? आपल्या घरी परत का जात नाहीत?
– एक निवृत्त मुख्याध्यापक

सर, पहिलं म्हणजे काही युद्धं खरोखरच संपत नाहीत. सोमालियातली सत्ता १९९१ मध्ये कोसळली आणि माणसं सीमा ओलांडून दादाबला आली. तिथल्या पहिल्या तीन छावण्या, इफो, दागाहाले आणि हागाडेरा, मिळून ९० हजार माणसांसाठी आखल्या होत्या. २०११ च्या दुष्काळात तिथे पाच लाखांच्या आसपास माणसं होती. मी नोंदणीच्या टेबलावर बसायचे तेव्हा समोर येणाऱ्या बाईचा जन्म छावणीतला, कडेवरच्या लेकराचाही छावणीतलाच. तिला ‘घरी का जात नाहीस’ असं विचारलं असतं, तर तिने इफोतल्या आपल्या झोपडीकडेच बोट दाखवलं असतं.

दुसरा प्रकार जास्त अवघड आहे. युद्ध नसतंच, राज्याला ती माणसं नको असतात. भूतानच्या दक्षिण भागातल्या नेपाळीभाषक ल्होत्साम्पांचं उदाहरण घ्या. १९८५ चा नागरिकत्व कायदा आणि त्यानंतरची १९८८ ची जनगणना यांत अट होती ती १९५८ साली तुम्ही देशात राहत होता याच्या पुराव्याची. म्हणजे व्यवहारात तीस वर्षांपूर्वीची जमीन-कराची पावती. ती नसेल तर तुम्ही परके. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक लाखाच्या आसपास माणसं नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत येऊन पडली. त्यांतल्या कित्येकांकडे ती पावती होती. त्यांतल्याच बेलडांगी छावणीत एका आजोबांनी मला ती दाखवली होती, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली. घड्यांवर कागद फाटला होता, आकडे मात्र स्वच्छ वाचता येत होते. ती पावती बघण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांनी ती कधी मागितली नाही आणि मला दाखवून काही उपयोग नव्हता.

नेपाळ आणि भूतान यांच्यात वाटाघाटींच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. अखेर २००१ मध्ये खुदुनाबारी या एकाच छावणीत दोन्ही देशांनी मिळून पडताळणी सुरू केली. बारा हजारांवर माणसांचे चार गट पाडले. बळजबरीने हाकललेले खरे भूतानी म्हणून किती ठरले? जेमतेम अडीच टक्के. सुमारे ७० टक्के लोकांवर ‘स्वखुशीने देश सोडून गेलेले’ असा शिक्का बसला. डिसेंबर २००३ मध्ये अधिकारी परतीच्या अटी समजावून सांगायला आले तेव्हा जमाव भडकला, दगडफेक झाली आणि प्रक्रिया थांबली. त्या पडताळणीतून एकही माणूस भूतानला परतला नाही.

रोहिंग्यांचंही तसंच. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त लोक म्यानमारमधून बांगलादेशात आले, पण त्यांना परकं ठरवणारा कायदा १९८२ चा आहे. तो कायदा तसाच ठेवून ‘आता शांतता आहे, या परत’ म्हटलं, तर कोण जाईल? मी तरी गेले नसते.

जिथे परतणं शक्य वाटतं तिथे मात्र माणसं वाट बघत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली राजवट गेली आणि वर्षभराच्या आत दहा लाखांहून जास्त सीरियन बाहेरच्या देशांतून परतले. घरं पडलेली, वीज नाही, तरी गेले. छावणीची सवय लागते, फुकट खायची चटक लागते, असं ज्यांनी पत्रांत लिहिलंय त्यांनी हा आकडा बघावा.

प्रश्न : निर्वासित सरासरी १७ वर्षं छावणीत काढतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का?
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

परीक्षेत लिहू नका. हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या, म्हणजे यूएनएचसीआरच्या, २००४ च्या एका कागदावरून आला. त्यात म्हटलं होतं ते इतकंच की मोठ्या, रेंगाळलेल्या निर्वासित परिस्थितींचं सरासरी वय १९९३ मध्ये ९ वर्षं होतं, ते २००३ मध्ये १७ झालं. हे वय परिस्थितीचं आहे, माणसाचं नाही, आणि जगात कुठेही रेंगाळलेली जुनी प्रकरणंच तेवढी त्यात धरली होती. पुढे जागतिक बँकेच्या दोन अर्थतज्ज्ञांनी माणसांचा हिशेब मांडला तेव्हा सरासरी दहा वर्षांच्या आसपास निघाली आणि मध्यगा चार वर्षं. म्हणजे निम्मे लोक चार वर्षांच्या आतलेच, पण दहा-वीस-चाळीस वर्षंवाल्यांमुळे सरासरी वर ओढली जाते.

‘दीर्घकालीन’ म्हणण्यासाठी यूएनएचसीआरची व्याख्या लक्षात ठेवा : एकाच देशाचे २५ हजार किंवा जास्त निर्वासित एखाद्या यजमान देशात सलग पाच वर्षं. जगातले साधारण दोन-तृतीयांश निर्वासित आज या व्याख्येत बसतात.

प्रश्न : तुम्ही निर्वासितांना काम करू द्या, पक्की घरं बांधू द्या म्हणता. पण तसं केलं तर ते कायमचेच राहतील. कुठलं सरकार हे मान्य करेल?
– माजी सरकारी अधिकारी

तुमचा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटला, म्हणून जरा लांबलचक उत्तर देते.

यजमान सरकारांची भीती खोटी नाही. लेबनॉनचं बघा. १९४८ मध्ये पॅलेस्टिनी आले, तेही तात्पुरतेच. त्यांच्यासाठीची संस्था, यूएनआरडब्ल्यूए, १९४९ च्या ठरावाने स्थापन झाली, १ मे १९५० रोजी कामाला लागली, आणि तिची मुदत आजही दर तीन वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पंचाहत्तर वर्षं झाली, नूतनीकरण चालूच आहे. लेबनॉनमध्ये पंथांच्या संख्येवर सत्तेची वाटणी आहे. तिथे लाखो माणसांची भर म्हणजे सगळा तोल बिघडणं, आणि १९७५ ते १९९० चं यादवी युद्ध लोकांनी भोगलेलं आहे. म्हणून सीरियन आले तेव्हा लेबनॉनने ठरवलं की अधिकृत छावण्याच उभारायच्या नाहीत. माणसं शेतातल्या तंबूंत राहिली. २०१९ मध्ये अरसाल गावात सैन्याने हुकूम काढला : तंबूभोवतीच्या सिमेंटच्या भिंती साधारण मीटरभर उंचीच्या वर नकोत, त्यावरचं पाडा. माणसांनी स्वतःच्या हाताने आपल्या भिंती फोडल्या. अरसाल डोंगरात आहे, तिथे बर्फ पडतो.

आता मला सांगा, त्या भिंती फोडल्याने किती लोक सीरियात परत गेले? परत गेले ते राजवट पडल्यावर. भिंत पाडून हिवाळा तेवढा वाढला.

आणि शेजारच्या जॉर्डनने त्याच १९४८ च्या पॅलेस्टिनींपैकी बहुतेकांना नागरिकत्व दिलं. गाझातून आलेल्यांना दिलं नाही, तो भेद आजही जाणवतो. पण ज्यांना दिलं त्यांच्यात दुकानदार, डॉक्टर, मंत्रीसुद्धा झाले. लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनींना अनेक व्यवसाय बंद आहेत आणि २००१ च्या कायद्यानंतर त्यांना घरजमीनही विकत घेता येत नाही. दोन्ही देशांतली माणसं राहिली तितकीच वर्षं. काम न करू दिल्याने लेबनॉनमधली लवकर मायदेशी परतली, असं झालं नाही.

दादाबमध्ये शाळा आणि दवाखाने चालवायचे ते बरेचसे निर्वासितच. पण निर्वासिताला पगारी नोकरीची परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून त्यांना पगाराऐवजी ‘इन्सेंटिव्ह’ द्यायचा. एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर केनियन शिक्षकाला पगार आणि सोमाली शिक्षकाला त्याच्या तुलनेत चिल्लर. माझ्या शेजारच्या टेबलावरचा दुभाषा चार भाषा बोलायचा. माझा अर्धा दिवस त्याच्याशिवाय चालला नसता. त्याच्या नावापुढे मात्र कर्मचारी असं कधी लागलं नाही.

युगांडाने वेगळा रस्ता धरला. २००६ च्या निर्वासित कायद्याने तिथे काम करायची आणि फिरायची मोकळीक आहे, वसाहतीत जमिनीचा तुकडाही मिळतो. आफ्रिकेत सगळ्यात जास्त निर्वासित तिथेच आहेत, १८ लाखांहून जास्त. परिषदांत युगांडाचं कौतुक फार होतं. मला ते थोडं अस्वस्थ करतं, कारण जमीन वाढत नाही. तुकडा आक्रसत आक्रसत ३० मीटर बाय ३० मीटर, कधी त्याहूनही लहान झाला. त्यावर कुटुंब जगत नाही, आणि कौतुक करणाऱ्या देशांनी पैसे मात्र कमी केले. हक्क देणं ही यजमानाची बाजू झाली. उरलेली बाजू इतरांनी उचलायची असते, ती उचलली गेली नाही तर पुढचं सरकार शहाणं होऊन लेबनॉनच्या वाटेने जाईल.

जॉर्डननेही २०१६ मध्ये सौदा करून बघितला. सीरियनांसाठी दोन लाख रोजगार संधी खुल्या करायच्या, बदल्यात युरोपीय संघाने ठरावीक औद्योगिक क्षेत्रांतल्या, सीरियन कामगार ठेवणाऱ्या कारखान्यांच्या मालाला आयातीचे नियम सैल करायचे आणि स्वस्त कर्जं द्यायची. कागदावर छान होतं. पण कारखाने वस्त्यांपासून लांब, लेकुरवाळ्या बायका तिथे रोज जाणार कशा? परवाना सुरुवातीला एकाच मालकाशी बांधलेला. मालक बदलला की परवाना गेला. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक हे व्यवसाय बंदच. निर्यात फारशी झालीच नाही. पुढे शेती आणि बांधकामाचे परवाने एका मालकाला न बांधता मिळू लागले तेव्हा कुठे माणसांना त्याचा उपयोग झाला. म्हणून कुणी ‘वर्क परमिट दिलं’ म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते : मालक बदलता येतो का?

तुमच्या मूळ शंकेला माझं उत्तर असं की राहायचं की जायचं हे मागे सोडलेल्या देशातली परिस्थिती ठरवते. यजमानाच्या हातात असतं ते एवढंच, की मधली वर्षं माणूस हातपाय हलवत काढतो की रांगेत. हात चालू असलेल्या माणसाच्या गाठीला परतीच्या दिवशी निदान भाडं तरी असतं.

प्रश्न : आपल्याच गरिबांना पुरत नाही आणि परक्यांवर खर्च! यजमान देशातल्या गरिबाने हे का सहन करायचं?
– नाव न छापण्याच्या अटीवर

अर्धं पत्र मला पटलं, हे आधी सांगते. दादाबच्या आसपासचा केनियन मेंढपाळ निर्वासिताइतकाच गरीब. छावणी आली आणि आजूबाजूचं झाडझाडोरा सरपणासाठी गेलं. विहिरीवर गर्दी झाली. आत मोफत दवाखाना, बाहेर काही नाही. दुष्काळात या केनियन नागरिकांनीच निर्वासित म्हणून नावं नोंदवली, शिधा मिळावा म्हणून. आई-बापांनी नोंदवलेली ती मुलं पुढे अठराची झाली आणि राष्ट्रीय ओळखपत्र काढायला गेली, तर त्यांच्या बोटांचे ठसे निर्वासितांच्या यादीत! स्वतःच्या देशात परके. कोर्टकचेऱ्या करत त्यांची वर्षं गेली. ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ अशा दोन वेगळ्या व्यवस्था उभ्या केल्या की असं होणारच.

पण दुसरं अर्धं पटलं नाही. अन्नावरचा खर्च बहुतेक बाहेरून येतो, यजमानाच्या तिजोरीतून नव्हे, आणि खरी अडचण तो येतो कसा ही आहे. तीस वर्षांच्या छावणीचं अंदाजपत्रक एकेका वर्षाचं असतं. देणाऱ्या देशांत निवडणूक झाली, नवं युद्ध पेटलं, की पैसा तिकडे वळतो. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांत रोहिंग्यांना माणशी महिना १२ डॉलरचा शिधा मिळायचा. २०२३ च्या मार्चमध्ये तो १० झाला, जूनमध्ये ८. मग २०२४ मध्ये पुन्हा वाढवत आणला. २०२५ च्या मार्चमध्ये ६ वर आणण्याची घोषणा झाली आणि ऐन वेळी पैसे आले म्हणून टळली. बाहेर काम करायला बंदी, आणि शिधा असा वरखाली. मग माणसं बोटीत बसतात, पोरींची लग्नं लवकर उरकतात. हे घडल्यावर त्यावर अहवाल लिहायला मात्र पैसे असतात.

एका वर्षासाठी पैसे मिळाले की टँकरने पाणी आणता येतं. दहा वर्षांसाठी मिळाले तर नळ टाकता येतो, आणि तो नळ बाहेरच्या गावालाही जोडता येतो. जागतिक बँकेने २०१७ पासून गरीब यजमान देशांसाठी वेगळा निधी ठेवला, तो याच विचाराने. त्यातून मिळणारा पैसा निर्वासितांबरोबर आसपासच्या स्थानिकांनाही लागू पडतो. यातला काही भाग कर्ज असतो, आणि परक्यांसाठी आम्ही कर्ज का काढायचं, हा यजमानांचा प्रश्न रास्तच आहे.

टांझानियाचं उदाहरण मात्र सहसा कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. १९७२ मध्ये बुरुंडीतून आलेल्यांना तिथल्या सरकारने जमीन कसायला दिली. लवकरच त्यांचं भागू लागलं. २०१४ मध्ये त्यांच्यापैकी सुमारे १ लाख ६२ हजार जणांना टांझानियाने नागरिक करून घेतलं. चाळीस वर्षं लागली आणि मध्ये सरकारने बराच घोळही घातला. तरी एका गरीब देशाने ते केलं.

प्रश्न : मग श्रीमंत देशांनी सगळ्यांना वाटून का घेऊ नये?
– गृहिणी

घ्यावं. पण घेत नाहीत. २०२४ हे तिसऱ्या देशात, म्हणजे मायदेश आणि यजमान देश सोडून आणखी कुठे, पुनर्वसनाच्या दृष्टीने कित्येक दशकांतलं सगळ्यात चांगलं वर्ष, आणि त्यात गेले १ लाख ८८ हजार. निर्वासित चार कोटींच्या वर. पुढच्याच वर्षी अमेरिकेने दार जवळपास बंद केलं.

मोठ्या प्रमाणावर हे एकदाच माझ्या डोळ्यांसमोर झालं. भूतानी निर्वासितांपैकी १ लाख १३ हजारांहून जास्त माणसं आठ देशांनी घेतली, त्यांतली बहुसंख्य अमेरिकेने. बसगाड्या भरून जायच्या, मागे झोपड्या पाडायच्या. ज्या आजोबांची पावती सांगितली ते मात्र फॉर्म भरायला तयार नव्हते. त्यांची मुलं गेली. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने तिथे वसवलेल्या या भूतानी निर्वासितांपैकीच काहींना गुन्ह्यांच्या कारणावरून भूतानला धाडलं, भूतानने त्यांना लगेच सीमेबाहेर काढलं, आणि ते पुन्हा नेपाळमध्ये येऊन पोचले. पहिल्यांदा आले होते तसेच, कागदांविना.

प्रश्न : छावणीत जन्मलेल्या बाळाचा देश कोणता?
– नववीतली विद्यार्थिनी

बहुतेक ठिकाणी आई-वडिलांचा जो देश, तोच बाळाचा मानतात. तो देश आई-वडिलांनाच आपलं मानत नसेल तर बाळाला कुठलाच देश नसतो. म्हणून जन्माचा दाखला फार महत्त्वाचा. त्याने नागरिकत्व मिळत नाही, पण तू कुठे, कधी आणि कुणाच्या पोटी जन्मलीस हे पुढे सिद्ध करता येतं. नोंदणीच्या यादीत मला १ जानेवारीला जन्मलेल्या माणसांच्या रांगाच्या रांगा दिसायच्या. जन्मतारीख कुणी लिहूनच ठेवली नव्हती, म्हणून संगणकात सरसकट तीच घालायची. तुझ्या वयाची एक मुलगी मला म्हणाली होती, ‘आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी, केक कुणाच्या घरी खायचा?’

प्रश्न : आम्ही मैत्रिणींनी कपडे आणि खेळणी गोळा केली आहेत. कुठल्या छावणीला पाठवावीत?
– महिला मंडळाच्या वतीने

पाठवू नका. निवडणं, पॅकिंग, जहाज, कस्टम या सगळ्यात वस्तूच्या किमतीहून जास्त खर्च होतो, आणि छावणीत कपडे विकून पोट भरणाऱ्याचा धंदा बसतो. होय, छावण्यांत बाजार असतात, आणि चांगले मोठे असतात. जॉर्डनमधल्या झाटारी छावणीच्या मुख्य रस्त्यावर लग्नाचे पोशाख भाड्याने देणारी दुकानंसुद्धा आहेत. गोळा केलेलं सामान जवळच्या कुणा गरजूला द्या.

पैसे द्यायचे असतील तर उच्च शिक्षणासाठी द्या, असं मी सुचवेन. अन्न आणि औषध यांना थोडाफार तरी दाता मिळतो; बारावी झालेल्या मुलाला मिळत नाही. निर्वासितांच्या मुलांपैकी कॉलेजपर्यंत पोचणारे २०१९ मध्ये तीन टक्के होते. २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचं असं ठरलंय, अजून दहाच्या आतच आहोत. जर्मनीच्या पैशावर १९९२ पासून ‘डाफी’ नावाची शिष्यवृत्ती चालते, ती निर्वासितांना ते राहतात त्याच देशातल्या कॉलेजात शिकवते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा तो दुभाषा तिच्यासाठी अर्ज करत होता. वयाची अट ओलांडायला त्याला थोडेच महिने राहिले होते. मिळाली की नाही हे मला कळलं नाही, माझी तोवर नेपाळला बदली झाली होती.